जोंगाच्या सहा सिलिंडर इंजिनाला टर्बो : मोजमापापासून पहिल्या बूस्टपर्यंत

जोंगा पळायला नव्हे, ओढायला बनवलेली गाडी आहे. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात, जून संपता संपता, चाकं अर्धी रुतलेली असताना ती लो गिअरमध्ये नुसत्या आयडलवर बाहेर निघते. हे मी एकदा स्वतः अनुभवलं आणि त्या इंजिनाच्या प्रेमात पडलो. टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवायचा तो या ओढीला जोर देण्यासाठी. ज्याला चार हजारांच्या वर आरपीएम फिरवायचे आहेत त्याने दुसरं इंजिन शोधावं. या लेखातला प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवरून घेतलेला आहे.

आधी इंजिनाची ओळख. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत, सैन्यासाठी, निसान पॅट्रोल ६० च्या परवान्यावर १९६९ पासून १९९९ पर्यंत जोंगा बनली. इंजिन निसानच्या पी मालिकेचं : एका ओळीत सहा सिलिंडर, पेट्रोल, पुशरॉडवर चालणारे वरचे व्हॉल्व्ह, ३९५६ सीसी. बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३, म्हणजे नेमका साडेचार इंच. बोअरपेक्षा स्ट्रोक एवढा मोठा असला की कमी आरपीएमला टॉर्क, म्हणजे ओढ, भरपूर मिळते, पण पिस्टनला धावावंही फार लागतं. ३६०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेचौदा मीटर होतो. जुन्या ओतीव पिस्टनसाठी मी तिथेच रेघ ओढली. ताकद साधारण ११० अश्वशक्ती सांगितली जाते. सहा पीएसआय बूस्टवर (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, पीएसआय त्याचं माप) ती दीडशेच्या आसपास जाते, आणि या गाडीला तेवढं पुरतं.

कायद्याचं काम पान्याला हात लावण्याआधीच उरका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये त्यासाठी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. माझी गाडी शेतात आणि खासगी जागेतच फिरते. ती पुण्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, न्यायची वेळ आली तेव्हा ट्रकवर चढवून नेली. खाली दिलेल्या सगळ्या चाचण्याही रानातल्याच आहेत.

इंजिन लायक आहे का, ते आधी बघा

टर्बो इंजिनाची ताकद वाढवतो तसा त्याचा आजारही वाढवतो. म्हणून खरेदी शेवटी, मोजमाप आधी.

इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, गेजने घ्या. आकडा किती आला यापेक्षा सहा आकडे एकमेकांशी किती जुळतात ते महत्त्वाचं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

मी हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवलंच, आणि तुम्हीही उतरवा. एक कारण म्हणजे हेड आणि ब्लॉक दोन्हींवर स्ट्रेट एज ठेवून फिलर गेजने सपाटी बघता येते. ०.०५ मिलिमीटरहून जास्त फट असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. दुसरं कारण व्हॉल्व्ह सीट. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांमधल्या सीट मऊ असण्याची शक्यता धरून चाला, आणि एक्झॉस्ट बाजूला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या. टर्बोमुळे सगळ्यांत जास्त भाजतात ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं कारण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो : पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे ते. पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. या गाड्यांची हेडं सैन्यात आणि सैन्याबाहेर किती वेळा घासली गेली असतील, कुणी सांगू शकत नाही. हेड उलटं ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह लावा, चेंबरवर ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकची चकती बसवा आणि ब्युरेटने रॉकेल सोडून चेंबर किती सीसीचा आहे ते मोजा. त्यात गॅस्केटच्या जाडीचा घनफळ आणि पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली राहतो तेवढी जागा मिळवा. एका सिलिंडरचा घनफळ ६५९ सीसी आहे. बाकीची जागा एकूण १०० सीसी भरली तर रेशो ७५९ भागिले १००, म्हणजे ७.६. आठच्या आत असेल तर सहा पीएसआयला निर्धास्त जा. त्याच्या वर असेल तर जाड गॅस्केटचा विचार करा.

पिस्टन बाहेर काढणार असाल तर वरच्या रिंगचा गॅप ०.४० ते ०.४५ मिलिमीटर ठेवा. बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, जास्त फुगते. टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनची वरची कड तुटते. हेडचे बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत, मधून बाहेरच्या बाजूला आवळत जा.

टर्बो निवडण्याचं गणित

दुकानदार इंजिन किती सीसीचं एवढंच विचारतो आणि हातात टर्बो ठेवतो. तेवढ्यावर निवड होत नाही. इंजिन मिनिटाला किती हवा खाणार हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

आमचं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. इथे हवेचा दाब साधारण ०.९६ बार असतो. मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, पण हिशेबाला मी ४० अंश धरले. चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं पूर्ण घनफळ ओढतं. ३५०० आरपीएमला ३.९५६ लिटर गुणिले १७५०, म्हणजे ६९०० लिटरच्या वर. असं जुनं इंजिन त्यातलं पाऊण भरेल, तेव्हा सुमारे ५२०० लिटर. आपल्या उन्हाळी हवेत ते साडेपाच किलो होतं.

आता सहा पीएसआय म्हणजे ०.४१ बार मिळवा. १.३७ भागिले ०.९६ केलं की प्रेशर रेशो १.४३ येतो. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर, नसेल तर ४० अंशांची हवा टर्बोतून अठ्ठ्याऐंशीच्या आसपास बाहेर पडते. चांगला इंटरकूलर ती चोपन्न-पंचावन्नपर्यंत उतरवतो. एवढ्या कमी बूस्टला इंटरकूलर लागत नाही असं बरेच जण म्हणतात. थंड प्रदेशात चालत असेलही. सोलापुरात तो लावाच. तो धरून हवा मिनिटाला ७.६ किलो होते, म्हणजे पावणेसतरा पाउंड. कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे टर्बो किती हवेला किती दाब देतो त्याचे आलेख, पाउंडात असतात म्हणून हा आकडा लिहून ठेवा. त्याच बूस्टला १८०० आरपीएमचा आकडा साडेआठ पाउंडांच्या आसपास येतो.

हे दोन्ही बिंदू मॅपवर मांडा. खालचा बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्या डावीकडे हवा टर्बोतून उलटी उसळते) उजवीकडे पडला पाहिजे आणि वरचा कार्यक्षमतेच्या मधल्या वर्तुळांमध्ये. गॅरेटच्या जीटी२५ घराण्यातले टर्बो, उदाहरणार्थ जीटी२५६०आर, इथे बसतात. मोठ्या ट्रकचा टर्बो स्वस्तात मिळतो, पण तो जागा होईपर्यंत आपल्या इंजिनाची मर्यादा आलेली असते. नव्या डिझेल गाड्यांमधला हलत्या पात्यांचा टर्बो तर घेऊच नका. त्याची पाती डिझेलच्या थंड धुरासाठी असतात, पेट्रोलच्या तापात ती अडकतात. साधा, आत वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारं दार) असलेला टर्बो घ्या.

मी आधी जुना टर्बो घेतला होता. शाफ्ट बोटाने वर-खाली केल्यावर चाक घराला घासत होतं, आणि हे मी पैसे मोजल्यावर बघितलं. जुना घेताना दुकानातच दोन्ही चाकांची पाती आणि शाफ्टची हालचाल तपासा. किंचित डोलणं चालतं. चाक कुठेही घासत असेल किंवा शाफ्ट लांबीच्या दिशेने मागे-पुढे जाणवत असेल तर तो टर्बो तिथेच सोडा.

मॅनिफोल्ड : इथे घाई करू नका

या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ मॅनिफोल्डने, म्हणजे सहाही सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळाने, घेतला. पहिला फुटलाही.

एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचा मॅनिफोल्ड दोन फूट लांब होतो. लोखंड तापल्यावर वाढतं हे शाळेत शिकतो, पण किती वाढतं ते इथे कळतं. ६०० मिलिमीटरचा साधा स्टील पाइप ६०० अंशांनी तापला की चार मिलिमीटरहून जास्त लांबतो. ३०४ स्टेनलेस सहा मिलिमीटरच्या वर जातं. हेड मात्र पाण्याने थंड राहतं, ते अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. मग हा फरक जाणार कुठे? एकतर स्टड तुटतो, नाहीतर वेल्ड. माझा मॅनिफोल्ड स्टेनलेसचा, अखंड एका फ्लँजवर (हेडला बोल्टने बसणारी पट्टी) होता. सहाव्या सिलिंडरजवळच्या वेल्डमध्ये केसासारखी चीर गेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या लेथवाल्या अण्णांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "मालक, तुम्ही त्याला हलायला जागाच ठेवली नाही की. बॉयलरची लाईन तरी कुणी अशी बांधतंय का?"

त्यांचं बरोबर होतं, आणि उपायही त्यांच्याच कामात होता. साखर कारखाने आणि टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमुळे स्टीम लाईनचं सामान आपल्याकडे सहज मिळतं : सीमलेस शेड्यूल ४० पाइप, बट वेल्डचे एल्बो, बेलो (लांब-आखूड होणारी पन्हळी नळी). दुसरा मॅनिफोल्ड आम्ही त्यातूनच केला. दीड इंची पाइपची भिंत पावणेचार मिलिमीटरच्या जवळपास असते, टर्बोचं वजन ती सहज पेलते. पातळ सायलेन्सर पाइपचा मॅनिफोल्ड देखणा दिसतो, पण त्यावर टर्बो लटकवू नका.

रचना अशी. पुढचे तीन सिलिंडर एका तुकड्यात, मागचे तीन दुसऱ्यात. मध्ये स्टेनलेसचा छोटा बेलो, जो दोन्ही तुकड्यांची वाढ पोटात घेतो. टर्बोचा भार एकाच तुकड्यावर, आणि खालून ब्लॉकला एक आधारपट्टी. या विभागणीचा आणखी एक फायदा आहे. सहा सिलिंडरांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे पेट घेण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. नीट बघा : एक पुढचा, एक मागचा, पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. प्रत्येक गटात दोन धक्क्यांमध्ये क्रँकच्या २४० अंशांचं अंतर राहतं, म्हणून एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. दोन तोंडांचा टर्बो मिळाला तर दोन गट त्याच्यापर्यंत वेगळेच ठेवता येतात आणि मधला बेलो लागत नाही. मात्र मग प्रत्येक गटाच्या पाइपला आपापला बेलो द्या. चार सिलिंडरवाल्यांना असे तीन-तीनचे गट करता येत नाहीत. सहाच्या वाट्याला आलेली ही देणगी आहे.

फ्लँज १२ मिलिमीटर प्लेटची, लेसरने कापून घ्या, पण अखंड ठेवू नका. प्रत्येक पोर्टमध्ये कापून वेगळी करा. टोकाच्या स्टडची भोकं लांबीच्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर लांबट ठेवा. वेल्डिंग करताना फ्लँज एखाद्या निकामी हेडवर किंवा २५ मिलिमीटर प्लेटवर बोल्टने आवळलेल्या असू द्या, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडू नका. नंतर सरफेस ग्राइंडरवर पातळीत आणा. वेल्ड टीगने करा आणि डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून तपासा.

आपल्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांलगत आहेत. कार्बोरेटरच्या काळात ती उष्णता पेट्रोलची वाफ व्हायला उपयोगी पडायची. टर्बो आल्यावर तीच आपली वैरी. दोन्हींच्या मध्ये, थोडी हवा खेळेल एवढी फट सोडून, स्टेनलेसचा पत्रा लावा.

ऑईल आणि पाणी

टर्बोला ऑईल मेन गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑईलच्या मुख्य वाटेतून, द्या, पण आधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच जुन्या इंजिनांत फिल्टर बाजूच्या लाइनवर असतो, म्हणजे गॅलरीतलं सगळं ऑईल गाळलेलं नसतं. तुमच्यात तसं असेल तर टर्बोच्या फीडमध्ये बारीक जाळीचा वेगळा फिल्टर घाला. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर फीडला एक मिलिमीटरच्या जवळपास भोकाचा रिस्ट्रिक्टर (प्रवाह आवरणारा तुकडा) लागतो. साध्या बुश बेअरिंगला तो लावू नका.

परतीची नळी फीडपेक्षा महत्त्वाची आहे. टर्बोतून ऑईल फेसाळून, फक्त वजनाने खाली येतं. नळी आतून किमान १६ मिलिमीटर, सतत उताराची, कुठेही पोट न पडलेली, आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळाची ऑईलची टाकी) ऑईलच्या पातळीच्या वर शिरणारी हवी. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की लोक टर्बोचं सील गेलं म्हणतात. पुष्कळदा दोष या नळीचा असतो. क्रँककेसचा ब्रीदर (आतली वाफ सोडणारी नळी) इनटेकला जोडलेला असेल तर काढा आणि कॅच कॅनमध्ये (ऑईल धरणाऱ्या डब्यात) सोडा, नाहीतर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये जाईल.

रेडिएटरचा कोअर चार ओळींचा करून घ्या, फॅनला श्राउड लावा. बोअरचं पाणी घालू नका, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. एवढं पुरे.

पेट्रोल आणि स्पार्क

कार्बोरेटर ठेवून टर्बो चालतो. त्याला हवाबंद करायचं, फ्लोट बूस्ट सहन करेल असा घ्यायचा, आणि पेट्रोलचा दाब बूस्टच्या तीन-चार पीएसआय वर ठेवणारा रेग्युलेटर बसवायचा. पण डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंतचा फरक आणि आजचं ई२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पाहता मी इंजेक्शनकडे वळलो, आणि तेच सुचवेन.

ई२० आपल्या जिल्ह्याला परकं नाही, इथल्याच उसाचं इथेनॉल त्यात असतं. नॉकिंगच्या (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याच्या) बाबतीत ते टर्बोला मदतच करतं : ऑक्टेन चढा आणि बाष्पीभवनाचा थंडावा जास्त. पण जुनी रबरी नळी आणि गंजलेली टाकी त्याच्यापुढे टिकत नाही. टाकी आतून साफ करा, सगळ्या नळ्या ई२० ला चालणाऱ्या घ्या. शिवाय पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे संतुलित मिश्रण, ई२० ला ते साडेतेराच्या जवळ येतं. म्हणून मीटर लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मिश्रण भागिले संतुलित मिश्रण असं, वाचा : बूस्टमध्ये ०.८० ते ०.८२, मग पंपावर काहीही मिळो.

इंजेक्टरचा हिशेब : दीडशे अश्वशक्तीला ताशी ९० पाउंड पेट्रोल, सहात वाटून आणि ८० टक्के ड्युटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून प्रत्येकी मिनिटाला दोनशे सीसीच्या आसपास. ई२० साठी थोडं वाढवून २४० सीसीचे घ्या. ईसीयू (पेट्रोल आणि स्पार्क ठरवणारा संगणक) म्हणून स्पीडुइनो हा मुक्त स्रोताचा पर्याय पुरतो. सहा इंजेक्टर आणि तीन दुहेरी कॉइल जोडीने चालवा : १-६, २-५, ३-४. क्रँक पुलीवर छत्तीस दातांतला एक काढलेलं चाक लावा. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरनंतर बसवा. वायरिंग सुरू करण्याआधी मल्टिमीटर लावून गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची ते बघा. सैन्याच्या गाड्यांमध्ये दोन्ही सापडतात. २४ असेल तर ईसीयू आणि पंपासाठी चांगला कन्व्हर्टर लागेल.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या, गॅप ०.६५ मिलिमीटर. बूस्ट नसताना पूर्ण अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी जितक्या अंशांवर स्पार्क पडतो तो) सत्तावीस-अठ्ठावीस अंश असेल, तर प्रत्येक पीएसआयला एक अंश मागे या आणि सुरुवातीला आणखी तीन अंश जास्त. सहा पीएसआयला मी अठरा अंशांवरून सुरुवात केली.

सुरू करताना

सगळ्या पाइपांना कॉम्प्रेसरने दहा पीएसआय हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तिथे क्लॅम्प बदला. इग्निशन बंद ठेवून ऑईल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा, थांबत थांबत. मगच इंजिन चालू करा.

पहिले काही तास वेस्टगेट तारेने उघडा बांधून ठेवा, म्हणजे गाडी जवळपास बिनबूस्टची चालते. गळती, तापमान आणि ऑईल बघा, गार झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा. मग तीन पीएसआय. त्यावर सगळं नीट बसलं की सहा.

भार देण्यासाठी मी उसाची ट्रॉली जोडली आणि चढाच्या शेतरस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम स्थिर ठेवून ईसीयूच्या तक्त्यातला एकेक खाना भरत गेलो. सोबतीला लॅपटॉपवर दुसरा माणूस हवाच. तीन मीटर नजरेसमोर ठेवा : बूस्ट, लॅम्डा आणि टर्बोच्या आधी बसवलेला के टाइप थर्मोकपल. धूर ८५० अंशांच्या वर गेला की पाय काढा. लॅम्डासाठी बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेलं वाइडबँड मीटर घ्या, जुना अरुंद पट्ट्याचा सेन्सर इथे कामाचा नाही. नॉकिंग ऐकायला तांब्याची नळी चपटी करून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळा आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळीने कान लावा. डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर लगेच थ्रॉटल सोडा आणि दोन अंश मागे या.

बूस्ट वरच्या आरपीएमला आपोआप सहाच्या पुढे सरकत असेल तर वेस्टगेटचं भोक लहान पडतंय. टर्बो उतरवून ते मोठं करा. नुसती स्प्रिंग बदलून हे जात नाही.

आणि ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत. लायनिंग, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे झाल्याशिवाय सहा पीएसआयला हात लावू नका. क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्या.

परवा त्याच काळ्या रानात ट्रॉली मागे लावून गाडी घातली. सोळाशे आरपीएमला सुई चार पीएसआयवर होती, आवाज अजिबात चढला नव्हता, आणि मागचं चाक एकदाही घसरलं नाही. घरी आल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवून बंद केली. सकाळी टॉर्च घेऊन मॅनिफोल्डचा एकेक वेल्ड बघितला. बेलोच्या दोन्ही बाजू कोरड्या होत्या, काजळीचा डाग कुठेही नव्हता.